पोलाद वितळतं, मग भिंग का नाही?

मुलांनो, भिंगानं उन्हात कागद जाळण्याचा खेळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केला असेल. भिंग थोडं वर-खाली करायचं, उन्हाचा ठिपका अगदी बारीक झाला की हात स्थिर धरायचा. आधी कागद तपकिरी होतो, मग धूर निघतो आणि बघता बघता भोक पडतं! पण एक गोष्ट कधी तुमच्या लक्षात आली का? ज्या भिंगातून ते ऊन जातं, ते भिंग मात्र हाताला थंडच लागतं.

आता याच खेळाचं एक अवाढव्य रूप डोळ्यांसमोर आणा. पिंपरी-चिंचवड, नाशिक किंवा कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्यात लोखंडी पत्रा कापायचं लेसर यंत्र असतं. जाड पत्रा आत सरकतो आणि सुरीनं केक कापावा तसा सरसर कापला जातो. आणि गंमत म्हणजे तिथे ना पातं असतं ना करवत. असतो फक्त प्रकाशाचा किरण! लोखंड वितळायला सुमारे दीड हजार अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि हा किरण ते पापणी लवायच्या आत वितळवतो.

तुम्ही म्हणाल, मग हा किरण ज्या आरशांवरून आणि भिंगातून येतो, त्यांचं काय होतं? ते का नाही वितळत? प्रश्न अगदी बरोबर आहे. आजची आपली गोष्ट या प्रश्नाचीच आहे.

लेसर म्हणजे तरी काय?

आपल्या दिव्याचा प्रकाश हा जत्रेतल्या गर्दीसारखा असतो. जो तो आपल्या दिशेनं, आपल्या चालीनं निघालेला. लेसरचा प्रकाश मात्र २६ जानेवारीच्या संचलनासारखा! सगळे एका दिशेला, एका तालात, पायाला पाय जुळवून. त्यामुळे तो फारसा पसरत नाही आणि भिंगानं त्याचा अतिशय बारीक ठिपका करता येतो.

असा प्रकाश तयार होऊ शकेल याचं मूळ गणित अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडलं होतं. पण प्रत्यक्ष लेसर बनायला पुढची ४३ वर्षं जावी लागली. १६ मे १९६० रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. पाचच वर्षांनी, १९६५ मध्ये, अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीनं लेसरला कारखान्यात कामाला लावलं. काम कोणतं? तर हिऱ्यांना भोकं पाडायचं! तांब्याची तार बारीक करण्यासाठी ती हिऱ्याच्या भोकातून ओढून काढतात. हिरा एवढा कठीण, की त्याला भोक पाडायला पूर्वी फार वेळ लागे. लेसरनं ते काम झटपट होऊ लागलं.

बारामतीचा मुलगा

पत्रा कापणाऱ्या लेसरची कहाणी मात्र थेट आपल्या बारामतीपर्यंत येते. १९३८ साली तिथे जन्मलेले कुमार पटेल पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, मग अमेरिकेत गेले आणि बेल प्रयोगशाळेत काम करू लागले. तिथे त्यांनी १९६४ मध्ये एक नवा लेसर तयार केला. त्यासाठी त्यांनी ना माणिक वापरलं ना हिरा. वापरला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपण उच्छ्वासातून बाहेर टाकतो तो वायू!

हा लेसर दमदार निघाला. १९६७ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी त्याच्या किरणाबरोबर ऑक्सिजनचा झोत सोडला आणि एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापून दाखवला. कारखान्यातली लेसर कटाई इथून सुरू झाली.

इस्त्रीएवढी वीज, पण टाचणीच्या टोकावर

आता थोडं गणित करू या. घाबरू नका, सोपं आहे!

समजा, आपल्या लेसरची शक्ती एक किलोवॅट आहे. म्हणजे किती? तर घरातल्या एका इस्त्रीएवढी. इस्त्रीनं कपड्याची सुरकुती जाते, फार तर शर्ट जळतो. मग तेवढ्याच शक्तीनं पोलाद कसं कापतं?

यंत्रात भिंगावर येताना या किरणाची जाडी समजा २० मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण एखाद्या नाण्याएवढी. भिंग त्याला गोळा करून ०.१ मिलिमीटरच्या ठिपक्यात आणतं. व्यास २०० पट लहान झाला. मग क्षेत्रफळ किती पट लहान झालं? २०० गुणिले २००, म्हणजे ४०,००० पट! सगळी शक्ती त्या इवल्याशा ठिपक्यात कोंबली गेली. भर दुपारच्या उन्हाशी तुलना केली तर त्या ठिपक्यातला प्रकाश सुमारे १२ कोटी पट तीव्र असतो.

म्हणजे आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. भिंगावर किरण पसरलेला असतो, पत्र्यावर तो एकवटलेला असतो. पण हे उत्तर अर्धंच बरं का! कारण पसरलेला असला तरी भिंगावरचा तो प्रकाश उन्हाच्या तीन हजार पट असतोच. त्या भट्टीत भिंग तासन् तास कसं टिकतं?

काचेचं भिंग इथे चालत नाही!

उरलेलं अर्धं उत्तर असं आहे : प्रकाश एखाद्या वस्तूतून नुसता पार गेला, तर ती वस्तू तापत नाही. प्रकाश त्या वस्तूत अडकला, शोषला गेला, तरच ती तापते. उन्हात पांढऱ्या शर्टपेक्षा काळा शर्ट जास्त तापतो, तो याच कारणानं.

मग भिंग काचेचं करावं, काच तर पारदर्शक असते, असं वाटेल. पण इथेच मेख आहे. काच पारदर्शक आहे ती आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाला. कार्बन डायऑक्साइड लेसरचा प्रकाश आपल्याला दिसतच नाही. प्रकाश लाटांनी बनलेला असतो आणि एका लाटेच्या लांबीला तरंगलांबी म्हणतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी पाऊण मायक्रॉनच्याही आत असते. या लेसरची मात्र १०.६ मायक्रॉन! या प्रकाशाला साधी काच म्हणजे जणू काळी भिंत. काच तो वरच्या वरच शोषून घेते, तापते आणि तडकते.

म्हणून इथे झिंक सेलेनाइड नावाचा पदार्थ वापरतात. म्हणजे जस्त आणि सेलेनियम यांचं संयुग. त्याचं भिंग मधाच्या रंगाचं, पिवळसर दिसतं. ते बनवण्याची रीतही न्यारी. काच जशी वितळवून ओततात, तसं हे करत नाहीत. तापलेल्या भट्टीत जस्ताची वाफ आणि सेलेनियमचा एक वायू एकत्र सोडतात. दोघांच्या संयोगातून झिंक सेलेनाइड तयार होऊन थरावर थर साचत जातो. थंडीत गवतावर दवाचे कण जमतात ना, काहीसं तसंच. पण इथे एक जाड वडी तयार व्हायला कित्येक दिवस लागतात! मग ती कापायची, घासायची, चकचकीत करायची. अशा भिंगात हजारातले एखाद-दोन भागच प्रकाश अडकतो. म्हणून ते टिकतं.

जर्मेनियम नावाच्या मूलद्रव्याचं तर आणखी नवल! त्याची चकती डोळ्यांना काळपट धातूसारखी दिसते, पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. पण १०.६ मायक्रॉनच्या किरणाला तीच चकती पारदर्शक! पारदर्शक कशाला म्हणायचं, हे बघणारा कोण यावरही अवलंबून असतं.

आरसा, पण घरातल्यासारखा नाही

लेसर तयार होतो यंत्राच्या एका बाजूला आणि कापायचा पत्रा असतो दुसरीकडे. कार्बन डायऑक्साइड लेसरमध्ये हा प्रवास आरशांवरून उड्या मारत होतो. हे आरसे बहुधा तांब्याचे किंवा सिलिकॉनचे असतात. त्यांच्यावर सोन्यासारख्या धातूचा किंवा इतर पदार्थांचा पातळ मुलामा देतात. शंभरातले जवळजवळ नव्व्याण्णव भाग प्रकाश ते परतवतात. उरलेल्या एका भागानंही आरसा तापतो. म्हणून जास्त शक्तीच्या यंत्रात आरशाच्या आतून पाणी खेळवतात.

घरच्या आरशात आणि यात आणखी एक फरक आहे. पेन्सिलचं टोक घरच्या आरशाला टेकवून बघा. खरं टोक आणि प्रतिबिंबातलं टोक यांच्यात थोडी फट दिसते. कारण चकाकणारा थर काचेच्या मागच्या बाजूला असतो. लेसरच्या आरशात तो थर पुढच्याच पृष्ठभागावर असतो. तिथे पेन्सिल टेकवली तर दोन्ही टोकं एकमेकांना चिकटलेली दिसतील. अर्थात, तिथे पेन्सिल टेकवायची मात्र नाही! का, ते पुढे येतंच आहे.

करून पाहा : दोन दिवे आणि रंगीत चष्मा

रात्री खोलीत एकच दिवा लावा आणि खिडकीच्या काचेत तिरकं बघा. काच थोडी जाड असेल तर दिव्याची दोन प्रतिबिंबं दिसतील, एकाला चिकटून एक. एक काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून आलेलं, दुसरं मागच्या. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवतो. दोन्ही मिळून झाले ८ टक्के.

झिंक सेलेनाइडची तऱ्हा यापेक्षा वाईट. त्याचा एकेक पृष्ठभाग सुमारे १७ टक्के प्रकाश परतवतो! म्हणजे जवळजवळ तीस टक्के शक्ती भिंगापाशीच वाया गेली आणि भलतीकडे भरकटली. यावर उपाय काय?

उपाय तुमच्या घरातच सापडेल. आईबाबांचा किंवा ताईचा नवा चष्मा असेल तर त्यांना विचारून तो दिव्याखाली तिरका धरा. काचेवर हिरवी किंवा जांभळी झाक दिसली, तर तिच्यावर परावर्तन कमी करणारा लेप आहे असं समजा. मग आजीचा जुना चष्मा धरून बघा. त्यात दिवा बहुधा पांढराशुभ्र आणि जास्त ठळक दिसेल.

हा लेप १९३५ साली जर्मनीतल्या येना शहरात, कार्ल झाइस कंपनीत काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला यांनी शोधला. त्यातली युक्ती फार सुंदर आहे. लेपाची जाडी लेपातल्या तरंगलांबीच्या बरोबर एक चतुर्थांश ठेवायची. मग एक परावर्तन लेपाच्या वरून होतं, दुसरं खालून. पहिल्या लाटेचा उंचवटा नेमका दुसऱ्या लाटेच्या खळग्यात येतो आणि परत येणाऱ्या लाटा एकमेकींना पुसून टाकतात! मग तो प्रकाश जातो कुठे? तो नाहीसा होत नाही, पुढे भिंगात जातो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तेही लाटांच्या अशाच बेरीज-वजाबाकीमुळे. असा लेप दिला की सतरा टक्क्यांवरचं परावर्तन एका टक्क्याच्याही खाली येतं.

एका बोटाचा ठसा

मी शाळेत शिकवताना वर्गात भिंग फिरवायला देते. चाळीस मुलांच्या हातांतून परत आलं की त्यावर चाळीस बोटांचे ठसे! आमचं भिंग धुऊन-पुसून पुन्हा कपाटात जातं. लेसर यंत्राच्या भिंगाला मात्र एक ठसा पुरे होतो.

बोटावर घाम असतो, तेल असतं. ठसा म्हणजे त्या तेलाचा थर, आणि तो प्रकाश शोषतो. धुळीचा कणही तेच करतो. लेसर सुरू झाला की तेवढाच भाग तापतो. तापला की लेप करपतो. करपलेला भाग आणखी प्रकाश शोषतो, आणखी तापतो. भिंग तापलं की त्याचं प्रकाश वाकवण्याचं प्रमाण बदलतं आणि ठिपका आपली जागा सोडून सरकतो. कारागिराला हे कळतं ते पत्र्यावरून. कालपर्यंत गुळगुळीत येणारी कड आज खरखरीत येते, खाली वितळलेल्या धातूचे थेंब चिकटून राहतात. तेव्हाच यंत्र थांबवून भिंग तपासलं तर ठीक. नाही तर भिंग तडकतं. झिंक सेलेनाइड जळलं तर विषारी धूर निघतो. म्हणून अशा फुटक्या भिंगाला उघड्या हातानं शिवायचं नाही, हा कारखान्यातला कडक नियम असतो.

हे भिंग स्वच्छ कसं करतात तेही ऐका. तोंडानं फुंकर मारायची नाही, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे कण उडतात. रबरी फुग्यानं हवा मारून आधी धूळ उडवायची. मग भिंगाचा खास मऊ कागद त्यावर अलगद ठेवायचा, शुद्ध ॲसिटोनचा थेंब सोडायचा आणि कागद हळूच एका दिशेनं ओढून घ्यायचा. घासायचं नाही, दाबायचं नाही आणि तो कागद पुन्हा वापरायचा नाही. एखाद्या तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं, तसं हे काम!

काचेच्या तारेतून किरण

गेल्या काही वर्षांत कारखान्यांत दुसऱ्या प्रकारची यंत्रं खूप वाढली आहेत. ती म्हणजे फायबर लेसर. यात काचेच्या केसासारख्या तंतूतच लेसर तयार होतो. त्या काचेत यटर्बियम नावाच्या मूलद्रव्याचे अणू मिसळलेले असतात. याची तरंगलांबी सुमारे १.०७ मायक्रॉन. ती दिसणाऱ्या प्रकाशाच्या जवळची, म्हणून अतिशुद्ध सिलिकाच्या काचेतून ती आरपार जाते. पिवळ्या भिंगाची गरज संपली आणि आरशांच्या उड्याही संपल्या. प्रकाश काचेच्या तंतूच्या कडांवर आतल्या आत आपटत, वळणं घेत थेट पत्र्याच्या डोक्यावर पोचतो. काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेण्याचा प्रयोग पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्यासह केला होता. त्याचा लेख १९५४ साली 'नेचर' या नियतकालिकात आला.

या यंत्राच्या तोंडाशी, भिंगाच्या खाली, एक साधी सपाट काच असते. तिचं काम एकच : पत्र्यावरून उडणाऱ्या ठिणग्या आपल्या अंगावर घ्यायच्या. ती खराब झाली की काढून नवी बसवतात. महागडं भिंग वाचावं म्हणून ही स्वस्त काच मार खाते!

हे आपल्या घरात कुठे दिसतं?

शोधलं तर पुष्कळ ठिकाणी. सोन्याच्या दागिन्यावर बारीक सहा अक्षरांचा-अंकांचा एक क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे सोन्याचे दागिने या क्रमांकाशिवाय विकता येत नाहीत. तो सहसा लेसरनंच कोरतात. दोन चिमुकले आरसे विजेच्या इशाऱ्यावर भराभर हलतात आणि किरणाला लेखणीसारखं फिरवतात. आईची बांगडी नवी असेल तर भिंगातून बघा, क्रमांक वाचता येतो का!

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळी, म्हणजे स्टेंट, दीड-दोन मिलिमीटरच्या धातूच्या नळीतून लेसरनं कापून काढतात. आणि नव्या मोबाइलमधली चिप? ती बनवणाऱ्या सर्वांत आधुनिक यंत्रात कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला ५०,००० वेळा लेसरचा मारा होतो. तो लेसर कोणता असेल? कार्बन डायऑक्साइडचा! त्यातून निघणारा विशेष प्रकाश एवढा नाजूक, की तो कोणत्याही भिंगात शोषला जातो. म्हणून तिथे फक्त आरसे. ते इतके गुळगुळीत, की आरसा जर्मनी देशाएवढा मोठा केला, तरी त्यावरचा सर्वांत मोठा उंचवटा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाच भरेल.

एक भिंग तुमच्याकडेही आहे

हो, तुमच्या डोळ्यात! आणि तेही आपलं काम चोख करतं. डोळ्यात लेसर शिरला तर ते भिंग त्याचाही ठिपका करतं, थेट मागच्या दृष्टिपटलावर. फायबर लेसरचा प्रकाश दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही. दृष्टिपटल भाजलं तरी दुखतही नाही. म्हणून ही यंत्रं बंद पेटीत चालवतात आणि आत बघायला त्या किरणाला अडवणारी खास खिडकी बसवतात.

आपल्याकडे २०२३ च्या गणेशोत्सवात मिरवणुकीतल्या लेसर झोतांमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. पुढे काही शहरांत पोलिसांनी अशा दिव्यांवर बंदी घातली. तेव्हा मिरवणुकीत असे झोत दिसले तर त्यांच्याकडे टक लावून बघू नका, पाठ फिरवा. खेळण्यातला लेसरचा दिवा कुणाच्याही तोंडावर मारू नका, मित्राच्या नाही आणि मांजराच्याही नाही. भिंगातून सूर्याकडे तर कधीच बघायचं नाही. पालकांनो, बाजारातल्या अशा दिव्यांवर शक्तीचा आकडा नेहमी खरा असतोच असं नाही. मुलांना खेळायला ते न दिलेलेच बरे. त्यापेक्षा एक चांगलं भिंग आणून द्या आणि कागद जाळायचा खेळ मात्र तुमच्यासमोरच होऊ द्या.

यंत्राचं भिंग खराब झालं, तर नवं मिळतं. दृष्टिपटल एकदा भाजलं, तर बदलून मिळत नाही.

सांगा पाहू!

१. भिंगावर येणारा किरण ३० मिलिमीटर जाड आहे आणि ठिपका ०.१ मिलिमीटरचा आहे. तीव्रता किती पट वाढली?

२. साध्या काचेचं भिंग फायबर लेसरच्या किरणाला वाट देतं, पण कार्बन डायऑक्साइड लेसरच्या किरणानं तडकतं. का?

३. भिंगावर बोटाचा ठसा उमटला तर भिंग आधी कुठे तापेल?

(उत्तरं : १. ३०० गुणिले ३००, म्हणजे ९०,००० पट. २. १.०७ मायक्रॉनचा प्रकाश काचेतून बहुतेक सगळा पार जातो, १०.६ मायक्रॉनचा काच शोषून घेते. ३. जिथे ठसा असेल, नेमकं तिथेच.)